माइकवरची पाटी

स्मरणिकेसाठी प्रत्येकाने एखाद्या थोर व्यक्तीवर लिहावे, असे संपादक मंडळाने कळवले तेव्हा आपल्या ग्रुपवर पहिल्या तासाभरात चार जणांनी कलामांवर हक्क सांगितला. दोघांनी सावित्रीबाई घेतल्या. मी नानिक मोटवाने हे नाव टाकले. बराच वेळ शांतता. मग एकाने विचारले की हे कोण, आणि दुसऱ्याने मल्टिमीटरवाले का, असे विचारले. तो इलेक्ट्रिकलचा होता, हे वेगळे सांगायला नको.

नाव आठवत नसले तरी त्या माणसाची पाटी तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे. इतिहासाच्या पुस्तकातले नेहरूंचे किंवा गांधीजींचे सभेतले छायाचित्र डोळ्यांसमोर आणा. समोर उभ्या दांड्यावर माइक आहे आणि माइकवर ठळक इंग्रजी अक्षरांत शिकागो रेडिओ असे लिहिलेले आहे. लहानपणी मला वाटायचे की अमेरिकेतले कुठले तरी रेडिओ स्टेशन आपल्या पुढाऱ्यांची भाषणे तिकडे ऐकवत असेल. प्रत्यक्षात ती सिंधमधून मुंबईत आलेल्या एका कुटुंबाची कंपनी होती, आणि त्या पाटीमागचा माणूस म्हणजे नानिक मोटवाने.

मला हे नाव इतरांपेक्षा थोडे आधी माहीत झाले, त्याला कारण आमचे दुकान. जुन्या मित्रमंडळींना आठवत असेल, बाजारपेठेत रेडिओ दुरुस्ती आणि लाऊडस्पीकर भाड्याने, असा बोर्ड होता. आजोबांनी सुरू केलेले, नंतर वडील आणि काकांनी चालवलेले. लग्नाच्या वराती, गणपती, निवडणुकीच्या सभा आणि आपल्या शाळेचे स्नेहसंमेलन, सगळीकडे आमचेच कर्णे. संमेलनात माइक शिट्टी मारायला लागला की सगळा वर्ग माझ्याकडे वळून बघायचा, जणू मीच तो वाजवत होते. दुकानाच्या माळ्यावर एक जुना, जड माइक गुंडाळून ठेवलेला असे. तो भाड्याने जात नसे. त्यावर तीच पाटी होती. आजोबा तो वर्षातून दोनदा, १५ ऑगस्टला आणि ९ सप्टेंबरला, फक्त पुसायला खाली काढत. ९ सप्टेंबर कशाचा, हे नंदुरबारच्या माणसाला सांगावे लागत नाही.

तर मोटवाने. नानिक यांचे वडील ज्ञानचंद मोटवाने यांनी १९०९ साली सिंधमधल्या सक्खरला विजेच्या वस्तूंचा व्यापार सुरू केला. सक्खर हे सिंधू नदीवरचे गाव. तिथून १९१२ मध्ये कराची आणि १९१९ मध्ये मुंबई. त्या काळात टेलिफोनचे सामान अमेरिकेतून येई, आणि ज्या परदेशी कंपनीशी यांचा व्यवहार होता तिच्या नावात शिकागो होते. तेच नाव यांनी आपल्या पेढीला घेतले. आधी शिकागो टेलिफोन, मग रेडिओचा जमाना आल्यावर शिकागो टेलिफोन अँड रेडिओ, आणि लोकांच्या तोंडी नुसतेच शिकागो रेडिओ. आपल्याकडे जसे बॉम्बे टेलर्स धडगावातही असतात, तसेच हे. विलायती नावाला गिऱ्हाईक येते, ही दुकानदारी तेव्हाही होती. पुढे खादीधारी पुढाऱ्यांच्या तोंडासमोर अमेरिकन शहराचे नाव झळकत राहिले, आणि त्यावर कोणी हरकत घेतल्याचे माझ्या वाचनात नाही.

नानिक यांचा जन्म १९०२ चा. म्हणजे पेढी आणि मुलगा जवळजवळ बरोबरच वाढले. धाकटे भाऊ विश्रामही धंद्यात आले. पण या धंद्याला जे वळण लागले ते नानिक यांच्यामुळे.

१९२९ सालची एक हकिकत सांगितली जाते. नानिक गांधीजींच्या एका सभेला गेले होते. गर्दी अफाट होती, आणि गांधीजींचा आवाज मुळात बारीक. सगळ्यांपर्यंत पोचावे म्हणून मैदानात निरनिराळे मंच केले होते. गांधीजी एका मंचावर बोलत, उतरत, चालत दुसऱ्या मंचावर जात आणि तेच पुन्हा बोलत. साठीच्या माणसाची ही पायपीट पाहून सत्तावीस वर्षांच्या या व्यापाऱ्याला वाटले की हे काम तारेचे आहे, पायांचे नाही.

इथे थोडे विज्ञान सांगते, कंटाळा आला तर पुढचा परिच्छेद सोडा. मोकळ्या जागेत बोलणाऱ्यापासूनचे अंतर दुप्पट झाले की आवाजाची तीव्रता चौथाईवर येते. दहा मीटरवर जे नीट ऐकू येते ते शंभर मीटरवर शंभराव्या हिश्श्याने पोचते, आणि तिथे लोकांची कुजबुज, पोरांची रडारड, भेळवाल्याची घंटी त्याच्यापेक्षा मोठी असते. लाऊडस्पीकर हा प्रश्न दोन तऱ्हांनी सोडवतो. आवाज वाढवतो हे एक. आणि आवाजाचा उगमच श्रोत्याजवळ नेऊन ठेवतो, हे दुसरे. मैदानभर खांबांवर कर्णे लावले की प्रत्येकाचा वक्ता वीस मीटरवर आला. मात्र मग दुसरे झेंगट निघते. तारेतून वीज क्षणात पोचते, पण हवेतून ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटरच जातो. म्हणजे शंभर मीटर लांबचा कर्णा आपल्या कानाशी पाऊण नव्हे, पण पाव सेकंदापेक्षा जास्त उशिरा बोलतो आणि जवळच्या कर्ण्यात मिसळून शब्दांचा काला होतो. कुठला कर्णा कोणत्या दिशेला वळवायचा, किती उंचीवर, कोणाचा आवाज किती ठेवायचा, हे सगळे मैदान पायी फिरून ठरवावे लागते. वडील सभेच्या आदल्या दिवशी मैदानाच्या टोकाला मला उभे करत आणि स्वतः माइकवरून आकडे म्हणत. मला जो आकडा नीट ऐकू आला नाही तिथे मी हात वर करायचा. बारा वर्षांची असताना मी सिग्नल टेस्टिंग केले आहे, ते पगारी नव्हते इतकेच.

नानिक यांनी हे पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर करून दाखवले ते कराचीला, मार्च १९३१ च्या काँग्रेस अधिवेशनात. वल्लभभाई पटेल अध्यक्ष होते. भगतसिंग, राजगुरू आणि सुखदेव यांना २३ मार्चला फाशी झाली होती. लोक दुःखात आणि संतापात होते, आणि गांधीजींवर उघड रागावलेले तरुण काळी फुले घेऊन स्टेशनवर आले होते. याच अधिवेशनात मूलभूत हक्कांचा ठराव झाला. अशा वातावरणात अर्धवट ऐकू आलेले वाक्य किती घात करू शकते, याची कल्पना करा. त्या शहरात ज्ञानचंदांनी एकेकाळी दुकान थाटले होते. त्याच शहरात मुलगा माइक घेऊन परत आला आणि गांधीजींचा बारीक आवाज, न ओरडता, मैदानाच्या टोकापर्यंत गेला.

मला वाटते, या एका गोष्टीकडे आपल्या इतिहासाच्या तासाला दुर्लक्षच झाले. माइक येण्याआधीचा मोठा वक्ता म्हणजे मोठ्या फुप्फुसांचा वक्ता. त्याला शब्द ताणावे लागत, हात फेकावे लागत. माइक आला आणि हळू बोलणाऱ्या, ठसका लागणाऱ्या, मध्येच थांबून विचार करणाऱ्या माणसालाही लाखाची सभा घेता येऊ लागली. गांधीजी सभेत गप्पा मारल्यासारखे बोलत, हे शक्य झाले त्यात शिकागो रेडिओच्या तंत्रज्ञांचाही वाटा होता.

कराचीनंतर काँग्रेसची अधिवेशने आणि शिकागो रेडिओ हे समीकरण होऊन बसले. त्यात अडचण अशी की गांधीजींच्या आग्रहामुळे अधिवेशने आता खेड्यांत भरू लागली. पहिले खेड्यातले अधिवेशन आपल्या खानदेशातच, फैजपूरला, डिसेंबर १९३६ मध्ये, नेहरूंच्या अध्यक्षतेखाली. फेब्रुवारी १९३८ चे हरिपुरा, सुभाषबाबूंचे, तेही आपल्या तापीच्याच काठी, खाली सुरतेकडे. सुरत-भुसावळ रेल्वेने जाणाऱ्या आपल्या लोकांना ही दोन्ही टोके माहीत आहेत. तिथे वीज कुठली? खेड्यातल्या सभेला आवाज द्यायचा म्हणजे बॅटऱ्या, जनित्र, तारांची भेंडोळी, काचेच्या लॅम्पवर चालणारे ॲम्प्लिफायर, हे सगळे रेल्वेने आणि पुढे बैलगाडीने न्यायचे. लॅम्प हादऱ्याने फुटतात. जादाचे लॅम्प गवतात बांधून न्यायचे, हे आजोबासुद्धा अगदी साठीच्या दशकापर्यंत करत. आमच्याकडे अक्कलकुवा-मोलगीचा रस्ता असा होता की निघताना चार लॅम्प असत आणि पोचेपर्यंत तीन.

नानिक यांनी काँग्रेसच्या या कामाचे वर्षानुवर्षे पैसे घेतले नाहीत. आता यात निव्वळ देशभक्ती होती, असे म्हणणारी मी नाही. माझ्या घरात तीन पिढ्या धंदा होता. माइकवर कंपनीचे नाव इतक्या मोठ्या अक्षरांत लावायचे की वृत्तपत्रात छापलेल्या छायाचित्रातही वाचता यावे, ही हिशेबी बुद्धी आहे. गांधी, नेहरू, सुभाषबाबू, पटेल यांच्या हनुवटीखाली रोज फुकट जाहिरात. पैसे देऊन ती जागा कोणाला मिळाली असती? आणि तरीही, सरकारविरुद्धच्या सभेत ज्याचे नाव रोज फोटोत दिसते त्याच्याकडे त्याच सरकारचे पोलिसही बघत असतात. सरकारी कंत्राटे, आयात परवाने, सगळे पणाला लागते. जाहिरात आणि जोखीम एकाच पाटीवर लिहिलेली होती. नानिक यांनी पाटी लहान केली नाही, हे मला जास्त महत्त्वाचे वाटते.

इथे कोणी विचारेल की रेडिओच्या कंपनीने लाऊडस्पीकर का विकावेत, सरळ रेडिओ स्टेशन का काढू नये? तसा प्रयत्न मुंबईत झाला होता. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी नावाच्या खाजगी कंपनीचे केंद्र २३ जुलै १९२७ ला मुंबईत सुरू झाले, महिन्याभराने कलकत्त्यात. रेडिओ संच बाळगायला वर्षाला १० रुपयांचा परवाना लागे, आणि त्यातला मोठा वाटा कंपनीला मिळे. पण १९२९ अखेर साऱ्या देशात परवाने आठ हजारसुद्धा नव्हते. १ मार्च १९३० ला कंपनी गुंडाळली गेली. एप्रिलपासून सरकारने केंद्रे ताब्यात घेतली आणि १९३६ मध्ये त्याचे ऑल इंडिया रेडिओ झाले. यानंतर आकाशातून बोलायचा हक्क फक्त सरकारचा. स्वातंत्र्यानंतरही तो सरकारचाच राहिला, खाजगी एफएम यायला २००१ उजाडले. म्हणून आपल्याकडच्या रेडिओ कुटुंबांना संच विकता आले, दुरुस्त करता आले, मैदानात कर्णे बांधता आले. स्टेशन काढता आले नाही. एकदाच एका स्टेशनशी मोटवाने यांचा संबंध आला, आणि त्यापायी ते आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहिले.

८ ऑगस्ट १९४२. गवालिया टँकवरच्या सभेत माइक शिकागो रेडिओचाच होता. दुसऱ्या दिवशी पहाटे गांधीजींसह सगळे पुढारी पकडले गेले, वृत्तपत्रांवर निर्बंध आले. मुंबईतल्या काही तरुणांनी ठरवले की आपण गुप्त रेडिओ चालवायचा. त्यात बावीस वर्षांच्या उषा मेहता होत्या, सुरतेजवळच्या सरस गावच्या. विठ्ठलदास खाकर म्हणजे बाबूभाई, विठ्ठलदास झवेरी आणि चंद्रकांत झवेरी होते. पुढे राममनोहर लोहिया त्यांना येऊन मिळाले. महायुद्ध सुरू झाल्यावर सरकारने हौशी रेडिओवाल्यांचे परवाने रद्द करून प्रक्षेपक जमा करायला लावले होते. त्यामुळे प्रक्षेपक आणायचा कुठून, हा पहिला प्रश्न. तो जोडून दिला नरिमन प्रिंटर नावाच्या जाणकाराने. आणि सामान, सुटे भाग व तांत्रिक मदत यासाठी ही मंडळी ज्या दारात गेली ते शिकागो रेडिओचे होते.

२७ ऑगस्ट १९४२ ला काँग्रेस रेडिओ पहिल्यांदा बोलला, ४२.३४ मीटरवर. आजच्या भाषेत सुमारे ७.०८ मेगाहर्ट्झ. हा पट्टा असा आहे की अंधार पडू लागला की लहरी वरच्या थरावर आपटून शेकडो किलोमीटरवर उतरतात. नंदुरबार मुंबईहून सरळ रेषेत सुमारे ३०० किलोमीटर आहे. आपल्या गावात कोणाच्या संचावर तो आवाज आला असेल का, हा विचार मी अनेकदा केला आहे. कारण तो रेडिओ सुरू होऊन जेमतेम तेरा दिवस झाले होते, तेव्हा ९ सप्टेंबरला माणिक चौकात शिरीषकुमार, लालदास, धनसुखलाल, शशिधर आणि घनश्याम गोळ्यांना बळी पडले. शिरीषकुमार तेव्हा सोळाही पूर्ण नव्हता. आपण दहावीत होतो त्या वयाचा. काँग्रेस रेडिओने चितगावचा बॉम्बहल्ला, जमशेदपूरचा संप, चिमूर-आष्टीतले अत्याचार अशा बातम्या दिल्या, ज्या सरकारी रेडिओ देणे शक्यच नव्हते.

प्रक्षेपक चालू झाला की तो कुठे आहे हे दिशाशोधक यंत्राने काढता येते. दोन ठिकाणांहून दिशा मोजली की नकाशावर दोन रेघा जिथे छेदतात तिथे घर. म्हणून मंडळी घरे बदलत राहिली. चौपाटी, लॅबर्नम रोड, सँडहर्स्ट रोड, गिरगाव, शेवटी महालक्ष्मीजवळचा पॅराडाइज बंगला. पण घात यंत्राने केला नाही, माणसाने केला. नरिमन प्रिंटर पोलिसांच्या हाती सापडला आणि त्याने माहिती दिली. १२ नोव्हेंबर १९४२ ला प्रक्षेपण चालू असतानाच छापा पडला. काँग्रेसच्या सभांची छायाचित्रे आणि बोलपटाच्या फिती भरलेल्या पेट्याही पोलिसांनी नेल्या. शिकागो रेडिओचीही झडती झाली आणि नानिक यांना अटक झाली.

खटला पाच जणांवर चालला, त्यातले पाचवे नानिक. बाकीचे चौघे चळवळीतले कार्यकर्ते होते. तुरुंग हा त्यांनी निवडलेल्या वाटेवरचाच मुक्काम होता. नानिक चाळिशीचे, चालत्या पेढीचे मालक, हाताखाली नोकरमाणसे, पाठीमागे एकत्र कुटुंब. शिक्षा झाली असती तर दुकानाचे परवाने गेले असते आणि युद्धकाळात आयातीशिवाय रेडिओचा धंदा एक महिनाही चालला नसता. आज मी त्याच वयाची आहे, म्हणून हा भाग वाचताना मला उषाबेनपेक्षा नानिक यांची भीती जास्त कळते. बाविसाव्या वर्षी मीही काहीही केले असते. आता गृहकर्जाचा हप्ता कापला गेल्याचा मेसेज आला की आधी शिल्लक बघते.

१९४३ मध्ये निकाल लागला. बाबूभाईंना पाच वर्षे, उषा मेहतांना चार, चंद्रकांत झवेरींना एक वर्ष सक्तमजुरी. विठ्ठलदास झवेरी आणि नानिक मोटवाने पुराव्याअभावी सुटले. दुकानातून माल विकला जाणे हा गुन्हा कसा ठरवायचा, हा सरकारपुढचा पेच असावा. उषाबेनवर अलीकडे सिनेमाही आला. ज्याच्या सुट्या भागांशिवाय ते स्टेशन उभे राहिले नसते त्याचे नाव मात्र तळटिपेत राहिले. सुटका झालेल्या आरोपीची गोष्ट कोणी फारशी सांगत नाही.

स्वातंत्र्यानंतरच्या सभांतही ती पाटी दिसत राहिली. पण धंदा बदलत गेला. लाऊडस्पीकर गल्लोगल्ली बनू लागले, आमच्यासारखी दुकाने तालुक्यातालुक्यात निघाली. मोटवाने कुटुंब विजेची मोजमाप करणारी उपकरणे बनवू लागले, त्यांचा कारखाना नाशिकरोडला. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी प्रयोगशाळेत सरांनी हातात जो काळा, काट्याचा मल्टिमीटर ठेवला त्यावर मोटवाने असे लिहिले होते. मी तो चार वर्षे वापरला, एकदा चुकीच्या रेंजवर लावून त्याचा काटा वाकवला, दंडही भरला. माळ्यावरच्या माइकचे आणि या मीटरचे घराणे एकच आहे, हे मला कितीतरी वर्षांनी कळले. नानिक १९७० मध्येच गेले होते.

आता दुसऱ्या एका रेडिओ कुटुंबाबद्दल सांगते. कामानिमित्त मी दोन वर्षे अमेरिकेत डॅलसला होते. तिथे गॉर्डन मॅक्लेंडन हे नाव जुन्या लोकांच्या तोंडी होते. बापलेकांनी मिळून रेडिओ स्टेशनांची घरची कंपनी उभारलेली. हा गॉर्डन पन्नाशीच्या सुमारास स्टुडिओत बसून, तारेने आलेल्या त्रोटक मजकुरावरून बेसबॉलच्या सामन्याचे धावते वर्णन करत असे, बॅटचा आवाज, गर्दीचा गलका, सगळे खोलीतच तयार करून. ऐकणाऱ्याला वाटे की हा मैदानातच बसला आहे. १९७१ मध्ये त्यांनी डॅलसचे गाजलेले स्टेशन एक कोटी डॉलरहून अधिक किमतीला विकले, एकोणीसशे ऐंशीपर्यंत उरलेली स्टेशनेही विकली, आणि पैसा जमिनीत, तेलात, सोन्याचांदीत घातला. १९८६ मध्ये ते वारले. त्यांच्या कंपनीला स्टेशन विकता आले, कारण ते तिच्या मालकीचे होते. मोटवाने यांच्याकडे विकण्यासारखे आकाश कधीच नव्हते.

मॅक्लेंडन यांची हकिकत ऐकली त्या रात्री मला डॅलसची नव्हे, आमच्या दुकानाची आठवण आली. १ जुलै १९९८ ला नंदुरबार जिल्हा झाला. कलेक्टर कचेरी येणार, कॉलन्या होणार म्हणून गावाभोवतीच्या शेतांचे भाव वर्षभरात बदलले. टीव्ही आला तसा रेडिओ दुरुस्तीला येईनासा झाला होता, आणि डीजेवाल्यांसमोर आमचे कर्णे कोण घेणार? काकांनी वडिलांना समजावले. कर्णे भंगारात गेले, दुकानाची जागा विकली आणि त्या पैशातून दोन एकर घेऊन बिनशेती करून प्लॉट पाडले. त्याच वर्षी मला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. माझी पहिली फी पहिल्या प्लॉटच्या बयाण्यातून भरली गेली. म्हणून रेडिओ सोडून जमिनीत गेलेल्या कुटुंबांविषयी तोंड वर करून बोलायचा मला अधिकार नाही. काकांचा हिशेब बरोबर होता. वडील मात्र पुढे कित्येक वर्षे कोणाच्याही लग्नात गेले की जेवायच्या आधी मंडपामागे जाऊन ॲम्प्लिफायर बघून येत.

वाटणीच्या वेळी मी सगळ्या कागदांवर सह्या केल्या आणि माळ्यावरचा माइक तेवढा मागून घेतला. कोणाची हरकत नव्हती, भंगारवाल्याने त्याला भावच दिला नव्हता. आजोबांनी तो कुठून आणला, कोणत्या सभेतला, हे विचारायचे राहून गेले. पाटीवरची दोन अक्षरे घासून गेली आहेत. तो सध्या माझ्या पुण्याच्या घरी आहे. मुलाला वाटते तो शॉवर आहे.

मेळाव्याला मी तो घेऊन येणार आहे. चालत नाही, आतली कॉइल तुटली आहे. मी उघडून पाहिली, केसाहून बारीक तार आहे, माझ्या हाताने जोडली जाईना. आपल्या बॅचमध्ये किंवा कोणाच्या ओळखीत जुने माइक दुरुस्त करणारे कोणी हात उरले असतील, तर आधी कळवा. म्हणजे मी येताना सोल्डरिंगचे सामानही आणते.